वसतिगृहाची मेस: सेमिस्टरचा प्लॅन, महिना की कार्ड?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी साताऱ्याची, पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, कॉलेजच्या आवारातल्याच मुलींच्या वसतिगृहात राहणार. शाकाहारी, अंडं चालतं. मेसवाल्यांनी तीन पर्याय दिले आहेत. पहिला, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण, सेमिस्टरचे ₹२१,००० एकदम. दुसरा, फक्त दोन वेळचं जेवण, ३० दिवसांचे ₹४,४००. तिसरा, ३० थाळ्यांचं कार्ड ₹२,७०० ला, मुदत ४५ दिवस. दुसऱ्या-तिसऱ्या पर्यायात नाश्ता हवा असेल त्या दिवशी ₹३० देऊन. पालक विचारतात, एकरकमी घेतलं तर दिवसाला तीनदा खाणं पोटात जाईल आणि स्वस्तही पडेल ना?

पहिला महिना दुसरा पर्याय घ्या. मुलीला रोज काय खाल्लं याची साधी नोंद ठेवू द्या. दुसऱ्या महिन्यापासून बहुधा कार्डावर याल. सेमिस्टरचे पैसे एकदम भरू नका, वसतिगृहाची सक्ती असेल तर गोष्ट वेगळी. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता हिशेब. मेसवाले सांगतात तो दर कागदावरचा असतो. १८ आठवड्यांचं सेमिस्टर, म्हणजे १२६ दिवस. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात. दुपारी फिस्ट, म्हणजे गोडाधोडाचं खास जेवण, मग पातेली पालथी. त्यामुळे आठवड्याची जेवणं १४ धरू नका, १३ धरा. १८ आठवड्यांची २३४ होतात. नाश्ते १२६, ₹३० प्रमाणे ₹३,७८०. ते ₹२१,००० मधून वजा केले की एक जेवण सुमारे ₹७४ ला पडतं. ऐकायला छान.

पण तुमची मुलगी २३४ जेवणं जेवणार नाही. गणपतीला ४ दिवस आणि दिवाळीला १२ दिवस घरी, म्हणजे सुमारे ३० जेवणं गेली. सातारा दोन-अडीच तासांवर. महिन्यात दोनदा शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटहून एसटी पकडली की शुक्रवारची रात्र, शनिवारच्या दोन्ही वेळा आणि रविवारची दुपार अशी चार जेवणं बुडतात. सुट्ट्या वगळून असे सात शनिवार-रविवार धरले तर २८ झाली. उरलेल्या पंधराएक आठवड्यांत मैत्रिणीचा वाढदिवस, लांबलेलं प्रॅक्टिकल, पोट बरं नाही, मेसमध्ये दोडका आहे, अशा कारणांनी आठवड्याला दोन जेवणं चुकतातच. ती ३०. खाल्लेली जेवणं उरली १४६. नाश्त्याचं तर विचारूच नका. वसतिगृहात असतील ते ९६ दिवस, आणि नऊच्या लेक्चरला पावणेनऊला उठणाऱ्यांचं प्रमाण पाहता निम्मे नाश्ते धरले तरी ते उदारपणाचं आहे. ४८ धरू.

सेमिस्टरच्या प्लॅनमध्ये खाड्याचे, म्हणजे गावाला गेल्यामुळे न जेवलेल्या दिवसांचे, थोडे पैसे परत मिळतील, तुम्ही पाठवलेल्या नियमांनुसार ₹८०० (ते कसे, ते पुढे). म्हणजे खर्च ₹२०,२००. ४८ नाश्त्यांचे ₹१,४४० वजा केले तर १४६ जेवणांना ₹१८,७६० पडले. एक जेवण ₹१२८ ला. महिन्याच्या प्लॅनला चार महिने पुरतात, कारण ३० दिवस तुम्ही सुरू कराल त्या तारखेपासून मोजले जातात आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी महिना संपवून परत आल्यावर नवा सुरू करता येतो. ₹१७,६०० अधिक नाश्त्याचे ₹१,४४०, एकूण ₹१९,०४०. कार्डं पाच लागतील. ₹१३,५०० अधिक ₹१,४४०, एकूण ₹१४,९४०. पहिल्या आणि तिसऱ्या पर्यायात ₹५,२६० चा फरक पडला, तोही एका सेमिस्टरमध्ये.

हेच गणित नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीसाठी मांडलं तर उत्तर बदलतं. ती फक्त दिवाळीला घरी जाईल आणि आठवड्याला एखादंच जेवण चुकवेल. तिची जेवणं १९६ च्या आसपास आणि नाश्ते ९० च्या आसपास होतील. सेमिस्टरचा प्लॅन खाडा वजा जाता ₹२०,६००, महिन्याचा नाश्त्यासकट ₹२०,३०० च्या आसपास, आणि कार्डं सात लागत असल्याने ₹२१,६०० च्या आसपास. तिला पहिल्या दोन्हींत काही फरक नाही आणि कार्ड महाग. गाव किती लांब आहे, यावर प्लॅन ठरतो तो असा. वर्गातल्या मैत्रिणीनं काय घेतलंय ते पाहून ठरवू नका. तिचं गाव वेगळं आहे.

तुमच्या हिशेबात आणखी एक बाब येते ती वसतिगृहाच्या वेळेची. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक रात्री ठरलेल्या वेळेला बंद होतं. त्यानंतर बाहेर जाऊन खाणं नाही, आणि बाहेरून मागवलेलं फाटकापर्यंतच येतं, तेही रेक्टर मॅडमच्या मर्जीवर. त्यामुळे रात्रीचं जेवण आतलंच असायला हवं. दुपारचं मोकळं ठेवता येतं, कारण दुपारी कॉलेजचं कॅन्टीन आहे, डबा आहे, डिपार्टमेंटपासून वसतिगृहापर्यंतचं अंतर आहे. जेवणाची सुट्टी ४५ मिनिटांची आणि मेस पंधरा मिनिटांच्या चालीवर असेल तर रांग धरून ती वेळ पुरत नाही, आणि हे प्रवेशाच्या दिवशी कुणी सांगत नाही. एकदा दुपारी साडेबाराला डिपार्टमेंटच्या दारातून घड्याळ लावून मेसपर्यंत चालून पाहा. ‘एक वेळ’ असा चौथा पर्याय असतो, जाहीर केलेला नसला तरी. विचारल्याशिवाय तो मेसवाले सांगत नाहीत.

आता खाडा. मेसमधला हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द. गावाला गेल्यावर न जेवलेल्या दिवसांचे पैसे परत मिळण्याची जी सोय असते, तो खाडा. दोन मेसचे दर सारखे असले तरी खाड्याच्या नियमांमुळे वर्षाच्या खर्चात हजारोंचा फरक पडतो. म्हणून दराच्या आधी नियम वाचा, आणि ते लेखी मागा.

तुमच्या कागदावर लिहिलंय: सलग तीन किंवा जास्त दिवसांचा खाडा, आदल्या संध्याकाळी सहापर्यंत वहीत नोंद, दिवसाला ₹१०० परत, मेस बंद असलेले दिवस धरले जाणार नाहीत. प्रत्येक तुकड्याला अर्थ आहे. ‘सलग तीन’ म्हणजे शनिवार-रविवार घरी गेलेल्या मुलीला काहीच मिळत नाही. नियम तेवढ्यासाठीच तीनचा केलेला असतो. सोमवारी दांडी मारून तीन दिवस जुळवणाऱ्या मुली असतात. ₹३०० साठी ७५ टक्के हजेरीशी खेळ करू नये. ‘दिवसाला ₹१००’ म्हणजे तुम्ही दिवसाला ₹१६६ भरलेत आणि परत येतात १००, बाकी ६६ पगार आणि गॅससाठी. हे पूर्ण अन्यायाचं नाही, ते लगेच सांगतो. ‘मेस बंद असलेले दिवस धरले जाणार नाहीत’ हे मात्र बारकाईनं वाचा. दिवाळीत मेस आठ दिवस बंद राहणार असेल, तर मुलगी बारा दिवस घरी असूनही खाडा चारच दिवसांचा. त्या आठ दिवसांचे पैसे ₹२१,००० मध्ये आधीच धरलेले आहेत की नाहीत, हा विचारण्याचा प्रश्न. वरच्या हिशेबातले ₹८०० म्हणजे गणपतीचे चार आणि दिवाळीचे चार दिवस.

नोंद वहीत करायची आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा. ‘काकांना सांगून गेले होते’ याला महिनाअखेर किंमत नसते. वही हरवते, पान भिजतं, काका बदलतात.

पगारावरच्या ६६ रुपयांचं काय? मेसचा खर्च दोन प्रकारचा. किराणा, भाजी, दूध हे ताटागणिक वाढतं-घटतं. आचारी, पोळ्या लाटणाऱ्या मावशी, भांडी घासणारे, जागेचं भाडं, वीज हे ५० मुलं जेवोत की १५०, तेवढंच. शिवाय स्वयंपाक अंदाजानं चढतो. २०० नावं असतील तर अनुभवी ठेकेदार सोमवारी रात्री १७०, शनिवारी ११० असा अंदाज बांधून डाळ भिजवतो. न सांगता चुकवलेलं जेवण त्याच्या अंदाजात आधीच बसलेलं असतं, आणि त्याच्या नफ्यातही. सांगून केलेला खाडा त्याला किराणा वाचवून देतो, म्हणून तेवढेच पैसे तो परत देतो. परीक्षेच्या आठवड्यात सगळ्या जणी वसतिगृहात असतात, दोनशेच्या दोनशे जेवायला येतात, आणि साडेआठनंतर भाजी संपते ती यामुळेच. त्या आठवड्यात लवकर जेवायला जावं, एवढंच.

काही जुन्या वसतिगृहांत ठेकेदार नसतो. मुलींची मेस कमिटी खर्च करते आणि महिन्याचा एकूण खर्च सगळ्यांच्या जेवणाच्या दिवसांनी भागून बिल काढते. ही पद्धत बहुतेक वेळा स्वस्त पडते आणि जेवणही बरं असतं, पण दर महिन्याला बिल वेगळं येतं आणि नव्या पालकांना ते घोटाळ्यासारखं वाटतं. उदाहरण म्हणून १२० मुलींची मेस घ्या. किराणा-भाजी दिवसाला माणशी ₹७०, पगार वगैरे ठरलेला खर्च महिन्याला ₹९०,०००. सगळ्या जणी महिनाभर असल्या तर ३,६०० दिवस भरतात, ठरलेल्या खर्चाचे माणशी ₹२५ येतात, दर ₹९५. दिवाळीच्या महिन्यात २,००० दिवसच भरले तर तेच ₹४५ होतात आणि दर ₹११५ वर जातो. कुणी पैसे खाल्ले नाहीत, चोरी झाली नाही, भागाकार बदलला. अशा मेसमध्ये खाडा करणाऱ्यांचं बिल घटतं आणि मागे राहणाऱ्यांचा दर वाढतो. सुट्टीत वसतिगृहात राहणाऱ्या मुलींनी त्या महिन्यासाठी सहाशे रुपये बाजूला ठेवावेत.

मेस कशी आहे ते बघायला पालक जातात रविवारी दुपारी, कारण तेव्हाच सवड. त्या दिवशी फिस्ट असते. पनीर, पुलाव, गुलाबजाम. त्यावरून काही कळत नाही. मंगळवारी किंवा गुरुवारी रात्री जा, तेही मेस सुरू होताना न जाता बंद व्हायच्या अर्धा तास आधी. तेव्हाची भाजी, तेव्हाची पोळी, आणि संपलेलं पुन्हा करतात की ‘संपलं’ म्हणतात, हे तिघं सगळं सांगतात. गेस्ट कूपन घेऊन जेवाच.

ताटात काय बघायचं? वरणाची वाटी दोन मिनिटं न हलवता ठेवा. डाळ खाली बसून वर एक-दीड सेंटिमीटर पिवळं पाणी राहिलं तर त्या वाटीत १५ ग्रॅमपेक्षा जास्त कोरडी डाळ नाही असं समजा. घरच्या वाटीत ती २५-३० ग्रॅम असते. उसळीचा दाणा बोटांत दाबा. पीठ होऊन फुटत असेल तर बहुधा सोडा टाकून शिजवलीय. सोड्यानं गॅस वाचतो, पण डाळी-कडधान्यातलं बी-१ जीवनसत्त्व जातं. तर्रीचा रंग काळपट आणि वास खवट असेल तर तळणीचं तेल परत फोडणीला वापरलंय. पोळी गार झाल्यावर मोडून बघा. चामट झाली तर तेल न लावता दुपारीच लाटून ठेवलेली आहे. भात मात्र नाकाला लावून बघाच.

भाताबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण वसतिगृहांत पोट बिघडण्याचं ते एक मोठं आणि दुर्लक्षित कारण आहे. कच्च्या तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्यानं मरत नाहीत. मोठ्या पातेल्यातला भात तसाच झाकून ठेवला की मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. त्यात हे जंतू वाढतात आणि एक विष तयार करतात. ते विष परत गरम केल्यानं जात नाही. म्हणून रात्रीचा उरलेला भात सकाळी ‘फोडणीचा भात’ होऊन नाश्त्याला आला, तर तो कितीही वाफाळता असला तरी प्रश्न विचारायचा: रात्री फ्रीजमध्ये होता की ओट्यावर? पसरट परातीत गार करून थंड जागी ठेवलेला असेल तर ठीक. पातेल्यात ओट्यावर असेल तर सोडा. आठवड्याच्या मेनूत सोमवारी सकाळी फोडणीचा भात छापलेलाच असेल, तर रविवारी रात्री मेस बंद असते हे आठवा, म्हणजे तो भात केव्हाचा हे कळेल.

स्वयंपाकघरात दोन मिनिटं डोकवा. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक दर्शनी भागात लावलेला हवा. पाण्याच्या फिल्टरवर शेवटच्या सर्व्हिसची तारीख असते, ती बघा. ताटं धुऊन पालथी टाकून सुकवतात की ओल्या फडक्यानं पुसतात? ते एकच फडकं दोनशे ताटांवरून फिरतं. तक्रारीसाठी एफएसएसएआयचं ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ नावाचं ॲप आहे आणि राज्यात अन्न व औषध प्रशासन आहे, पण पहिली तक्रार रेक्टरकडे लेखी, तारखेसह. तोंडी तक्रारींची मेसवाल्यांना सवय असते.

पोट भरणं आणि पोषण या दोन गोष्टींची गल्लत इथे नेहमी होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत ५५ किलोच्या प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं आणि २९ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम आणि १९ मिलिग्रॅम. आता साधं मेसचं ताट मोजू. दोन वेळच्या मिळून पाच पोळ्या, प्रत्येकी ३० ग्रॅम पीठ, त्यातून १७ ग्रॅम प्रथिनं. दोन वेळचा भात, कोरडे १०० ग्रॅम तांदूळ, ७ ग्रॅम. पातळ वरण दोनदा, साडेसहा. भाज्यांतून तीन. पोहे किंवा उपमा खाल्ला तर चार-पाच. एकूण ३८-३९. सात-आठ ग्रॅम कमी पडतात. ही तूट मोठी नाही, पण रोजची आहे. ती भरायला एक वाटी दाट मटकीची उसळ, किंवा एक पेला दूध, किंवा एक उकडलेलं अंडं, किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे, यांतलं एक पुरे. नाश्ता चुकला तर दोन. प्रोटीन पावडरचा डबा घेऊन द्यायची घाई करू नका. शेंगदाणे आणि फुटाणे पत्र्याच्या डब्यात ठेवून द्या. पत्र्याच्याच, प्लास्टिकच्या डब्याला वसतिगृहातले उंदीर जुमानत नाहीत.

लोहाचं अवघड आहे. कितीही चांगल्या मेसच्या शाकाहारी ताटातून २९ मिलिग्रॅम भरणं कठीण. निदान जे आहे ते अंगी लागावं यासाठी जेवताना लिंबाची फोड पिळावी, आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, कारण चहातल्या टॅनिनमुळे लोह कमी शोषलं जातं. मुलींच्या वसतिगृहात रात्री जेवून लगेच चहाच्या टपरीवर जाण्याची जी प्रथा असते, ती तासाभरानं पाळली तरी चालते. पाळीत जास्त रक्त जात असेल, थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. मेस बदलून ते सुटणार नाही.

म्हणून प्लॅन ठरवण्याआधी आठवड्याचा मेनू मागून घ्या आणि १३ जेवणांवर पेन्सिलीनं खुणा करा. उसळ किंवा कडधान्य किती वेळा? चारदा हवं. पालेभाजी? तीनदा. बटाटा किती वेळा? तीनदापर्यंत चालेल. ‘मिक्स व्हेज’, ‘व्हेज कुर्मा’, ‘आलू मटर’ हे तिन्ही बटाट्यात मोजा. ताक किंवा दही रोज एकदा तरी असावं.

कार्डाचे तोटेही सांगायला हवेत, कारण मी त्याची बाजू घेतलीय. कार्डाची थाळी मोजून असते, तुमच्या मेसमध्ये तीन पोळ्या आणि एक वाटी भात. दोन वेळा मिळून पाच पोळ्या खाणाऱ्या मुलीला ती पुरेल. सहा पोळ्या हाणणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला पुरणार नाही. त्यानं अमर्याद थाळीचा महिनाच घ्यावा. दुसरं म्हणजे कार्ड असलं की काही मुली पैसे वाचवायला लागतात. ‘आज एक वडापाव खाल्ला, थाळी वाचली.’ महिनाअखेर कार्डावर नऊ थाळ्या शिल्लक असतात आणि चेहरा उतरलेला असतो. तुमच्या मुलीचा हा स्वभाव आहे का, ते तुम्हालाच माहीत. असेल तर महिन्याचा प्लॅन घ्या आणि जास्तीचे पैसे त्यासाठी दिले असं धरा. मुदतही बघा. ३० थाळ्यांना ४५ दिवस ठीक आहेत. काही मेस ३५ देतात, मग कार्डाचा फायदा निम्मा झाला. दिवाळीत मुदत थांबते का? शिल्लक थाळी मैत्रिणीला चालते का? दोन्हीची उत्तरं कार्डाच्या पाठीमागे लिहून सही घ्या.

उपास, पथ्य आणि ॲलर्जी. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी ताटाऐवजी मिळते की वेगळे पैसे, हे विचारा. श्रावणात आणि नवरात्रात हा फरक महिन्याला पाच-सातशेवर जातो. जैन जेवण ‘करू’ म्हणणारे अनेक, कांदा-बटाट्याशिवायचं वेगळं पातेलं चढवणारे थोडे. रमजानमध्ये सहेरीसाठी आदल्या रात्री डबा भरून मिळेल का, हे मुस्लिम विद्यार्थिनींनी महिना सुरू होण्याआधी ठरवून घ्यावं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर महाराष्ट्रातली मेस अवघडच: कूट भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत, चटणीत सगळीकडे, आणि डाव एकच. ग्लूटेन चालत नसेल तर भाकरीवर अवलंबून राहू नका. थापताना खाली गव्हाचं पीठ असू शकतं आणि बाजारातल्या बांधणीच्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. अशा मुलींसाठी मेसमधून सूट मागणं हाच मार्ग, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. खोलीत इंडक्शन किंवा कॉइल ठेवून स्वतः करू, हा विचार सोडा. बहुतेक वसतिगृहांत ते जप्त होतं आणि दंडही बसतो.

डबा लावायचा का? दुपारपुरता चांगला. घरगुती पोळी-भाजी मिळते आणि डिपार्टमेंटमध्ये बसून खाता येतं. पण डबा देणाऱ्या काकूंच्या घरी लग्न, आजारपण, गौरी-गणपती असतात आणि त्या दिवशी डबा नाही. डबा साडेअकराला आला आणि तुम्ही तीनला उघडलात तर मार्च-एप्रिलमध्ये वरण आंबलेलं असेल. डब्यात पातळ काही घेऊ नये, कोरडी भाजी आणि पोळी, हे त्यांना आधी सांगून ठेवा.

वसतिगृहानं मेस सक्तीची केली असेल आणि सेमिस्टरचे पैसे भरण्यावाचून गत्यंतर नसेल तर काय? मग सूट मिळवण्यात शक्ती घालवू नका, वैद्यकीय कारण नसेल तर ती मिळत नाही. दोन हप्ते मागा, बहुतेक ठिकाणी लेखी अर्जावर मिळतात. नाश्ता वगळून दर कमी होतो का ते विचारा. दर सेमिस्टरभर पक्का आहे की मध्येच वाढेल हेही लिहून घ्या. व्यावसायिक १९ किलोच्या सिलिंडरचा दर सहसा महिन्याच्या १ तारखेला बदलतो आणि ‘गॅस महागला’ हे दरवाढीचं ठरलेलं कारण आहे. आणि मुलीला नाश्ता खायला लावा. सक्तीच्या प्लॅनमध्ये न खाल्लेला नाश्ता हेही मोठं नुकसान असतं: वरच्या हिशेबात ४८ बुडालेले नाश्ते, ₹१,४४०.

पहिल्या महिन्याची नोंद कशी ठेवायची, तर कॅलेंडरच्या पानावर रोजच्या चौकोनात तीन टिंबं: नाश्ता, दुपार, रात्र. खाल्लं तर टिंब भरायचं. ॲप नको, कारण ते चौथ्या दिवशी उघडलं जात नाही. पान कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवावं. २८ दिवसांनी भरलेली टिंबं मोजा. दोन्ही जेवणं मिळून ४६ च्या वर असतील तर महिना चालू ठेवा. ४० च्या खाली असतील तर कार्ड. मधे असतील तर तिला विचारा, कुठली जेवणं चुकली. सगळी दुपारची असतील तर रात्रीचा ‘एक वेळ’ प्लॅन आणि दुपारी कार्ड, असं मिश्रण मेसवाल्यांना सांगून बघा. महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास विचारलंत तर ते ऐकतात. १ तारखेला रांग असते.

अनामत रक्कम म्हणून जे एक-दोन हजार घेतात, त्याची पावती वेगळी घ्या, मेसच्या पावतीत मिसळू देऊ नका. सेमिस्टरअखेर ती परत मिळवायला मेसचा ‘नो ड्यूज’ शिक्का लागतो, आणि तो शिक्का मारणारे काका शेवटच्या पेपरच्या दिवशी दुपारनंतर भेटत नाहीत. आधीच्या आठवड्यात घेऊन ठेवा.